विशाखापट्टणमहून करंजाला बदली : क्वार्टर मिळेपर्यंत घर कुठे घ्यावं? उरण, उलवे, खारघर की ठाणे?

लाटेवरची
नमस्कार मंडळी. यजमान नौदलात पेटी ऑफिसर आहेत, पगाराची लेव्हल ५. विशाखापट्टणमहून उरणजवळच्या करंजा नौदल तळावर बदली झाली आहे, जूनच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचं आहे. मुलगी नववीत, मुलगा चौथीत, दोघंही केंद्रीय विद्यालयात. सासूबाई सोबत असतात, त्यांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. सामान दोन बेडरूमचं, शिवाय एक स्कूटर आणि एक छोटी कार. करंजाला क्वार्टरसाठी वेटिंग आहे एवढंच कळलंय.

डोळ्यासमोर असलेले पर्याय असे: इथलं क्वार्टर काही महिने ठेवायचं आणि यजमानांनी एकट्याने पुढे जायचं, उलवे किंवा द्रोणागिरीला भाड्याने घ्यायचं, खारघर-नेरूळ बघायचं, नाहीतर ठाण्यात कोलशेतला राहायचं. तिथे माहेर जवळ आहे आणि ओळखीतला टू बीएचके मिळतोय, पण मालक ११ महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे तोवर घर सोडायचं नाही अशी अट, मागतायत. घरातले वडीलधारे म्हणतात, भाडं भरत बसण्यापेक्षा फ्लॅटच घेऊन टाका.

एचआरए म्हणजे घरभाडे भत्ता, सामानाचा खर्च, शाळा आणि करार, या सगळ्या बाजूंनी सल्ला हवा आहे.

कोटनाका
ताई, वेटिंग आहे एवढ्यावर थांबू नका. यजमानांना तीन गोष्टी विचारायला सांगा: त्यांच्या रँकच्या यादीत सध्या किती नावं आहेत, सीनियॉरिटी कोणत्या तारखेपासून धरतात आणि येत्या तीन महिन्यांत किती क्वार्टर रिकामे होणार आहेत. बदल्या बहुतेक मे-जूनमध्ये होतात, त्यामुळे यादी जुलैपर्यंत झपाट्याने सरकते आणि मग वर्षभर रेंगाळते. जुलैपर्यंत नंबर लागण्यासारखा असेल तर उरण गावातच थोड्या दिवसांचं घर बघा. दिवाळीच्या पुढे जाणार असेल तर उलवे.

आता जागांबद्दल. उरणची लोकल १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाली. नेरूळ आणि बेलापूर दोन्हीकडून गाड्या सुटतात, वाटेत बामणडोंगरी आणि खारकोपर लागतात, हीच उलव्याची स्टेशनं. पुढे न्हावा शेवा, द्रोणागिरी, उरण. फेऱ्या हार्बरच्या मानाने फार कमी आहेत. एक गाडी चुकली तर पुढची लगेच नसते आणि सकाळचा फॉल-इन, म्हणजे हजेरी, थांबत नाही. म्हणून घर बघायला जाताना उरणच्या गाडीचं वेळापत्रक हातात घेऊनच जा. स्टेशनपासून इमारत चालत किती मिनिटं आणि पहाटेची कोणती गाडी यजमानांना वेळेत पोचवते, हे आधी जुळवा. उरण स्टेशनवरून करंजापर्यंत पुढे रिक्षा किंवा स्कूटर लागते.

रस्त्याने जायचं म्हटलं तर गव्हाण फाटा ते उरण हा बंदराचा रस्ता आहे. रात्रंदिवस कंटेनरचे ट्रेलर. पावसात खड्डे पाण्याखाली जातात, ट्रेलरच्या मागच्या चाकांचा चिखल हेल्मेटच्या काचेवर येतो आणि वळताना ट्रेलरचा मागचा भाग आतल्या बाजूला ओढला जातो, नेमका तिथेच दुचाकीवाला असतो. रोज स्कूटरवरून उलवे-करंजा करायचा बेत असेल तर कृपा करून निदान पावसाळ्याचे चार महिने लोकल धरा.

ठाण्याहून रोज करंजा? ठाणे-नेरूळ लोकल, नेरूळला गाडी बदलायची, मग उरण, मग रिक्षा. घरापासून गेटपर्यंत एका बाजूला दोन तास धरा, तेही जोडगाडी मिळाली तर. ड्युटी संपवून उशिरा सुटलेल्या माणसाने हे रोज करू नये.

जमाखर्च
पैशांची बाजू मांडतो. सगळे आकडे सातव्या वेतन आयोगाच्या नियमांप्रमाणे.

एचआरए. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यापासून, म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून दर लोकसंख्येनुसार पाडलेल्या एक्स, वाय, झेड वर्गांच्या शहरांना अनुक्रमे ३०, २०, १० टक्के आहेत. बऱ्याच जणांची गल्लत इथे होते: हा वर्ग तुम्ही कुठे राहता यावर ठरत नाही, ड्युटीच्या ठिकाणावर ठरतो. ठाणे बृहन्मुंबई नागरी समूहात येतं म्हणून कोलशेतला घर घेतलं की एक्सचा दर लागू झाला, असं होत नाही. समजा बेसिक ३८,००० आहे. एक्सने ११,४०० रुपये, झेडने ३,८००. दरमहा ७,६०० चा फरक आहे, म्हणून करंजाचा वर्ग पे ऑफिसमधून लेखी विचारून घ्या आणि मगच भाड्याचं बजेट ठरवा. एचआरए फक्त बेसिकवर निघतो, त्यात एमएसपी म्हणजे सैन्य सेवा वेतन धरत नाहीत. जुनी मंडळी अजून सीआयएलक्यू म्हणतात, तो क्वार्टरऐवजी मिळणारा भत्ता सातव्या आयोगाने एचआरएतच मिळवला.

विशाखापट्टणमचं क्वार्टर ठेवलंत तर तेवढा काळ करंजाचा एचआरए मिळत नाही. यजमान मेसमध्ये राहणार असतील तर हे ठीक आहे, पण रिटेन्शनची, म्हणजे जुनं क्वार्टर ठेवण्याची, परवानगी लेखी आणि तारखेसकट हवी. मुदत ओलांडली की डॅमेज रेंट लागतो आणि तो नेहमीच्या लायसन्स फीच्या कितीतरी पट असतो, थेट पगारातून कापला जातो.

बदली अनुदान म्हणजे सीटीजी बेसिकच्या ८० टक्के. इथे मात्र एमएसपी धरतात. ३८,००० अधिक ५,२०० म्हणजे ४३,२००, त्याचे ८० टक्के ३४,५६० रुपये. पॅकिंगचं सामान, हमाली, घर लावताना लागणारे खिळे-वायरी-पडदे हे सगळं यातूनच भागवायचं असतं, त्याची वेगळी बिलं लावता येत नाहीत.

सामान. लेव्हल ५ ला ३,००० किलोपर्यंत. रस्त्याने नेल्यास मूळ दर किलोमीटरला २५ रुपये, आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की त्यात २५ टक्के वाढ, म्हणजे ३१.२५. ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्ष खर्च कमी असेल तर तेवढाच मिळतो. लेव्हल ६ पासून पुढे मर्यादा ६,००० किलो आहे. यजमानांचं चीफ पेटी ऑफिसरचं, म्हणजे लेव्हल ६ चं, प्रमोशन तोंडावर असेल तर हलवाहलवीच्या दिवशी ते कोणत्या लेव्हलवर असतील ते बघून ठेवा.

वाहन. लेव्हल ५ ला एकच दुचाकी मान्य. कार स्वतःच्या खर्चाने आणावी लागेल. स्कूटर ट्रकमधूनच आणा, पण बिलात तिची ओळ वेगळी लिहून घ्या. "घरसामान व स्कूटर" असं एकत्र लिहिलं की वाहनाचा दावा अडकतो.

आणि ट्रकवाल्याकडून बिल्टी, जीएसटी नंबर असलेलं बिल, पैसे दिल्याची पावती, वजनकाट्याची चिठ्ठी, चारही कागद हवेत. पैसे बँकेतून द्या. वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिल लागत नाही, तेव्हा त्या नावाखाली कोणी जादा पैसे मागितले तर देऊ नका.

कोलशेतकर
कोटनाका यांचं प्रवासाचं गणित बरोबर आहे, तरी ठाण्याची बाजू मांडायला हवी. यजमानांना करंजानंतर किंवा मध्येच जहाजावर पाठवण्याची शक्यता किती आहे? जहाज म्हटलं की माणूस महिनोन्महिने समुद्रावर, आणि घरी ताई, दोन मुलं आणि सासूबाई. अशा वेळी माहेर दहा मिनिटांवर असणं फार मोलाचं आहे. कोलशेतला एअर फोर्स स्टेशनचं केंद्रीय विद्यालय आहे, म्हणजे शाळेचा प्रकार बदलत नाही.

पण कोलशेत-घोडबंदर पट्ट्यात घर घेताना टँकरबद्दल विचारा. इमारतीला महापालिकेचं पाणी किती वेळ येतं, उन्हाळ्यात टँकर किती येतात आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा घेतात, हे मालकाला नको, वॉचमनला विचारा. घोडबंदर रोडची वाहतूक संध्याकाळी कोलमडते, तेव्हा शाळा आणि घर रस्त्याच्या एकाच बाजूला असेल असं बघा.

करंजाची तीन वर्षं नक्की असतील तर मात्र मीही ठाणे सुचवणार नाही.

लाटेवरची
सगळ्यांचे आभार. बदली पूर्ण टेन्युअरची आहे, जहाज लगेच नाही. त्यामुळे ठाणे जवळजवळ बाद. शाळेचं कोणी सांगेल का? मुलगी नववीत आहे त्याची काळजी जास्त आहे. आणि उलवे की खारघर हे अजून ठरत नाही.

खडूफळा
केंद्रीय विद्यालयातून केंद्रीय विद्यालयात, पालकांच्या बदलीमुळे, टीसीवर प्रवेश हा सर्वांत सोपा प्रकार आहे. लॉटरी नाही, प्रवर्गाच्या यादीत नंबर लागण्याची वाट बघणं नाही. करंजाला, म्हणजे उरणच्या एनएडी या नौदलाच्या शस्त्रागाराजवळ केंद्रीय विद्यालय आहे, पनवेलला ओएनजीसीचं आहे. आत्ताच दोन्ही शाळांना ई-मेल करून तीन गोष्टी विचारा: नववी आणि चौथीच्या तुकड्यांत सध्या किती मुलं आहेत, नववीला कोणत्या भाषा आणि कौशल्य विषय शिकवतात, आणि अकरावीला कोणत्या शाखा आहेत. तिसरा प्रश्न आत्ता लांबचा वाटेल, पण मुलगी अकरावीत जाईल तेव्हा तुम्ही तिथेच असाल.

नववीतली बदली करायचीच तर आत्ता, जूनमध्येच करा. सीबीएसई नववीतच मुलांची नोंदणी करून घेतं आणि दहावीला त्याच नोंदणीवर बसवतं. नोंदणीच्या आधी शाळा बदलली की नाव, जन्मतारीख, विषय सगळं नव्या शाळेतूनच जातं. दहावीत शाळा बदलायची तर बोर्डाची परवानगी, बदलीचा आदेश, जुन्या शाळेची कागदपत्रं, सगळंच वाढतं. म्हणून "मुलांना वर्षभर इथेच ठेवू, पुढच्या वर्षी आणू" हा पर्याय तुमच्या बाबतीत सर्वांत वाईट आहे. विशाखापट्टणमचं क्वार्टर ठेवायचं असेल तर फार तर उन्हाळी सुट्टी संपेपर्यंत.

टीसीसोबत नववीच्या घटक चाचणीचे गुण, विषयांचे कोड असलेलं पत्र आणि फी कुठपर्यंत भरली आहे त्याची पावती घ्या. फी तिमाही असते. एप्रिल ते जून तिथे भरलेली असेल तर पावती दाखवा, नाहीतर इथे पुन्हा मागतील. जुन्या आणि नव्या शाळेत विषय वेगळे निघाले तर त्याच दिवशी प्राचार्यांना भेटा. नववीत विषय बदलायला वाव असतो, दहावीत नसतो.

कोलशेतकर यांच्या मुद्द्यावर एक पुरवणी, बाकीच्या वाचकांसाठी: संरक्षण दलातल्या पालकांची नॉन-फॅमिली स्टेशनला (जिथे कुटुंब नेता येत नाही) बदली झाली आणि कुटुंब पसंतीच्या गावी ठेवलं, तरी त्या गावच्या केंद्रीय विद्यालयात टीसीवर प्रवेश मिळतो. फील्डला गेलेल्या जवानांच्या घरच्यांना हे माहीत नसतं आणि ते खासगी शाळेचं डोनेशन भरून बसतात.

पाणीपट्टी
उलवे की खारघर की नेरूळ, यावर.

नेरूळ, सीवूड्स, बेलापूर नवी मुंबई महापालिकेत आहेत. पालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, त्यामुळे पाण्याची चिंता सर्वांत कमी, भाडं सर्वांत जास्त. खारघर पनवेल महापालिकेत, पाणी सिडकोकडून. सेक्टरनुसार फार फरक पडतो, त्यामुळे सरसकट "खारघरला पाणी आहे" किंवा "नाही" असं कोणी सांगितलं तर धरून चालू नका. खारघरमध्ये जलवायू विहार आहे, हवाई दल-नौदल गृहनिर्माण मंडळाची वसाहत. तिथे सेवेतल्या कुटुंबांचं येणं-जाणं सोसायटीच्या अंगवळणी पडलेलं आहे, भाड्याचा फ्लॅट मिळाला तर पहिला तो बघा. पण खारघरहून करंजा म्हणजे बेलापूरला येऊन गाडी बदलणं, हे विसरू नका.

उलव्यात इमारती नव्या आहेत, खोल्या मोठ्या मिळतात, लिफ्ट असते. तपासायची गोष्ट एकच, पण ती ठामपणे तपासा: भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. ओसी नसलेल्या इमारतीत बरेचदा पक्की नळजोडणी नसते आणि सगळा व्यवहार टँकरवर चालतो. मालकाकडून ओसीची प्रत आणि पाण्याचं शेवटचं बिल मागा. देत नसेल तर पुढची इमारत बघा. लिफ्टला जनरेटर आहे का, हेही बघा. पावसाळ्यात वीज जाते आणि सासूबाई सातव्या मजल्यावर अडकल्या तर डॉक्टरकडे नेणंही अवघड. तळमजला नको, ओल येते. पहिला किंवा दुसरा मजला सांगा. नवी मुंबईचा विमानतळ उलव्याला लागूनच आहे, तेव्हा विमानाचा आवाज ऐकायला सकाळी आणि रात्री उशिरा असं दोनदा त्या घरात थांबून बघा.

ओल कशी ओळखायची ते नीट सांगतो, कारण घरं मे महिन्यात बघतात आणि पाऊस जूनमध्ये येतो. मे महिन्यात प्रत्येक भिंत कोरडी दिसते. नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून पाऊस मारतो, म्हणून त्या दिशेची बाहेरची भिंत शोधा आणि तिच्या आतल्या बाजूला उभे राहा. खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत रंग बुडबुड्यासारखा फुगलाय का बघा, बोटाने दाबला तर आतून भुगा पडतो. कपाटामागे मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून तिरका धरा, समोरून न दिसणारे पोपडे आणि डागाच्या कडा लगेच उठून दिसतात. नुसत्या एकाच भिंतीला ताजा रंग मारलेला असेल तर कारण विचारा. बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीला खाली, स्कर्टिंगच्या वर पांढरी पावडर आलेली असेल तर ती गळती आतल्या पाइपची आहे, पावसाची नव्हे, आणि ती वर्षभर राहते. घर सगळ्यात वरच्या मजल्यावर असेल तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधी झालं ते सोसायटीला विचारा.

वैद्यकीय सोयीचंही बघून घ्या. करंजालाच आयएनएचएस संधानी हे नौदलाचं रुग्णालय आहे. स्पेशालिस्टसाठी कुलाब्याला आयएनएचएस अश्विनी. उलव्याहून अश्विनीला कारने अटल सेतूवरून लवकर जाता येतं, पण कारचा एकेरी टोल २५० रुपये आहे आणि दुचाकीला सेतूवर बंदी आहे. सैनिकांना टोलची सूट ड्युटीवरच्या प्रवासापुरती असते. घरच्यांना दवाखान्यात नेताना ती गृहीत धरू नका. सासूबाईंचं नाव डिपेंडंट म्हणून सेवापुस्तकात चढलेलं आहे ना, ते विशाखापट्टणम सोडण्याआधीच बघून घ्या. इथे आल्यावर ते काम महिनाभर रेंगाळतं.

माझं मत: क्वार्टर लवकर मिळण्यासारखं असेल तर उरण, नाहीतर उलव्यात खारकोपर किंवा बामणडोंगरी स्टेशनला चालत जाता येईल असं घर. द्रोणागिरी करंजाच्या जवळ आहे खरं, पण दिवसभर एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाईला आणि नववीच्या मुलीला दुकान-दवाखाना-क्लास उलव्यात जास्त हाताशी आहे.

दस्त_क्रमांक
कराराबद्दल. महाराष्ट्रात ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करारही लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो (महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५). दुसऱ्या राज्यातून येणाऱ्यांना "११ महिन्यांला नोंदणी लागत नाही" असं एजंट सांगतात, ते इथे चुकीचं आहे. नोंदणीची जबाबदारी मालकाची. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या आणि अनामतीवर वर्षाला १० टक्के धरून येणाऱ्या रकमेच्या ०.२५ टक्के. म्हणजे २०,००० भाडं, ६०,००० डिपॉझिट, ११ महिने असेल तर साधारण सहाशे रुपये, आणि शहरी भागात नोंदणी शुल्क १,००० रुपये. ऑनलाइन होतं, एजंट बायोमेट्रिक यंत्र घेऊन घरी येतो. त्याच्या सेवेचे पैसे वेगळे, ते आधी ठरवा.

लॉक-इनला नाही म्हणू नका, त्यात अपवाद घाला. हा मजकूर एजंटला जसाच्या तसा द्या:

"परवानाधारक किंवा त्यांचे पती संरक्षण दलात सेवेत आहेत. त्यांची बदली झाल्यास, अथवा त्यांना सरकारी निवासस्थान मिळाल्यास, आदेशाची प्रत देऊन ३० दिवसांच्या लेखी सूचनेने हा करार संपवता येईल. अशा वेळी लॉक-इनची अट लागू राहणार नाही. अनामत रक्कम घराचा ताबा परत देतानाच परत केली जाईल."

एजंट फक्त "बदली झाल्यास" लिहून आणतात. तुमचं घर बदलीमुळे नाही, तर क्वार्टर मिळाल्यामुळे सुटणार आहे, म्हणून "सरकारी निवासस्थान मिळाल्यास" हे शब्द कराराच्या मसुद्यात डोळ्यांनी बघा आणि मगच अंगठा लावा. क्वार्टरचं अलॉटमेंट आलं की थोड्याच दिवसांत ताबा घ्यावा लागतो आणि त्या दिवसापासून एचआरए थांबतो, त्यामुळे ३० दिवसांहून लांब नोटीस मान्य करू नका. जमलं तर १५ मागा.

सोसायटीला पूर्वपरवानगी लागत नाही, कराराची प्रत देऊन कळवावं लागतं. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ती रक्कम, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही आणि तो मालकाने भरायचा असतो, करारात तसं लिहा. भाडेकरूची पोलिस पडताळणी ऑनलाइन होते, तिची पोच सोसायटीला द्या. ताबा घेताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा आणि वीज मीटरच्या आकड्याचा फोटो त्याच दिवशी मालकाला पाठवा.

जमाखर्च
फ्लॅट विकत घेण्याबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून थोडक्यात. ठाणे-नवी मुंबईत मुद्रांक शुल्क ७ टक्के, महिलेच्या एकटीच्या नावावर घेतलं तर १ टक्का कमी. नोंदणी शुल्क ३०,००० पर्यंत. बांधकाम चालू असलेल्या घराला सर्वसाधारणपणे ५ टक्के जीएसटी. सिडकोच्या बहुतेक जमिनी भाडेपट्ट्याच्या, त्यामुळे जुना फ्लॅट घेताना हस्तांतरणाचं शुल्क आणि सिडकोची ना हरकत वेगळी. तीन वर्षांनी बदली होणाऱ्या माणसाचे एवढे पैसे खरेदीच्या दिवशीच जातात आणि क्वार्टर मिळालं की हप्ता चालू, एचआरए बंद. निवृत्तीनंतर इथेच राहायचं पक्कं असेल तर घ्या, पण इथे आल्याबरोबर नको. एक पावसाळा काढून मगच घ्या.

पुढे कधी स्वतःचं घर भाड्याने दिलंत तर भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २३ लक्षात ठेवा. सेवेतल्या आणि निवृत्त सैनिकाला स्वतःला राहायला घर हवं असेल तर ताबा परत मिळवण्याची खास तरतूद त्यात आहे. करार मात्र नोंदणीकृतच करा.

बांधाबांध
सामान मे अखेरीस उतरेल असं बघा. कोकणात पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो आणि ताडपत्रीखालूनही ट्रकच्या फळीवर पाणी साचतं. सगळ्यात खाली लोखंडी पेट्या आणि ड्रम ठेवायला सांगा. गाद्या, पुस्तकं, लाकडी सामान त्यांच्यावर. पार्ट लोड स्वस्त पडतो, पण वाटेत गोदामात सामान दुसऱ्या ट्रकमध्ये चढवतात, तिथेच काचा फुटतात आणि तारीख पुढे जाते. पूर्ण गाडी करा.

वॉशिंग मशीन फ्रंट लोड असेल तर मागच्या बाजूचे ट्रान्झिट बोल्ट लावल्याशिवाय ट्रकमध्ये चढवू देऊ नका. तीन किंवा चार असतात, मशीन बसवताना काढून ठेवलेले. ते न लावता नेलं तर ड्रम आत आपटतो, स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर जातात, आणि मशीन पहिल्याच स्पिनला घरभर चालायला लागतं. बोल्ट हरवले असतील तर सर्व्हिस सेंटरकडून आत्ताच मागवा. खालचं फिल्टर उघडून उरलेलं पाणी काढा. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्या, उभाच न्या, आणि इथे उतरवल्यावर चार-पाच तास तसाच ठेवून मग चालू करा. आडवा नेला तर कॉम्प्रेसरचं तेल नळीत जातं. लोखंडी कपाट कपड्यांनी भरून बांधू नका, बिजागऱ्या वाकतात. स्कूटरची टाकी रिकामी करा.

क्वार्टर सोडताना मार्चिंग आउटच्या, म्हणजे क्वार्टर परत देण्याच्या, दोन आठवडे आधी इन्व्हेंटरीची यादी घेऊन फिरा. नळ, पंखे, गीझर, चाव्या, जाळीचे दरवाजे. फुटलेलं बेसिन किंवा हरवलेली चावी स्वतः बसवून दिली तर बॅरक डॅमेजचं, म्हणजे मोडतोडीचं, बिल येत नाही. एमईएस या लष्करी बांधकाम खात्याचं वीज-पाण्याचं बिल आणि ना-देय दाखला हातात घेतल्याशिवाय निघू नका. तो नसेल तर इथे क्वार्टरचं अलॉटमेंट अडतं.

हातातल्या पिशवीत काय हवं: मुव्हमेंट ऑर्डर, एलपीसी (शेवटच्या पगाराचा दाखला), टीसी, डिपेंडंट कार्डं, कॅन्टीन कार्डं, वाहनांची मूळ आरसी. हे ट्रकमध्ये जाता कामा नये.

लाटेवरची
खूप मदत झाली. ठरवलंय असं: यजमान आधी येऊन यादीतला नंबर बघतील, तोवर आम्ही इथेच सुट्टी संपेपर्यंत. नंबर लांब असेल तर उलव्यात स्टेशनजवळ, दुसऱ्या मजल्याच्या वर नाही, आणि करारात ते वाक्य. दोन गोष्टी राहिल्या. कारचा नंबर आंध्रचा आहे, त्याचं काय? आणि गॅस?

जमाखर्च
कारला बीएच मालिकेचा, म्हणजे देशभर चालणारा, नंबर असेल तर काहीच करायचं नाही. साधा आंध्रचा असेल तर १२ महिन्यांत महाराष्ट्रात पुनर्नोंदणी करावी लागते. निघण्याआधी तिथल्या आरटीओकडून फॉर्म २८ वर ना हरकत घ्या, कर्ज असेल तर बँकेचं पत्रही. उलवे-उरणला पनवेल आरटीओ लागतं, एमएच ४६. इथला कर भरल्यावर तिथल्या उरलेल्या कराचा परतावा मागता येतो, त्यासाठी मूळ पावती जपून ठेवा. करंजाला तीन वर्षं राहायचं असेल तर हे पहिल्या सहा महिन्यांत उरकून टाका.

बांधाबांध
गॅस: सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करा, टर्मिनेशन व्हाउचर (जोडणी बंद केल्याचा कागद) आणि डिपॉझिटचे पैसे घ्या. सिलिंडर ट्रकमध्ये घालू नका. पासबुक आणि शेगडी सोबत आणा. उलव्यात त्याच कंपनीच्या एजन्सीत व्हाउचर, आधार आणि नोंदणीकृत करार दाखवून नवीन जोडणी मिळते. करार हाती यायला आठवडा जातो, तोपर्यंत स्वयंपाकाला इंडक्शनची शेगडी आणि तिच्यावर चालणारा एक कुकर वेगळ्या खोक्यात बांधून ते खोकं ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी चढवायला सांगा, म्हणजे उतरवताना पहिलं हातात येईल.